एकवीस दिवसांची सुई

मैत्रिणींनो, मुलाचा घसा धरला की आपण काय करतो? मिठाच्या गुळण्या, हळद घातलेलं गरम दूध, आणि "होईल दोन दिवसांत बरं" असा दिलासा. बहुतेक वेळा तसंच होतं. पण काही वेळा घसा दुखतो तो स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे. घसा बरा होतो, आपण विसरून जातो. आणि दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. हा रुमॅटिक फीव्हर. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना तो जास्त गाठतो. सांध्यांची सूज उतरते हो, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र कायमची राहू शकते.

हा ताप एकदा येऊन गेला की पुन्हा येण्याची भीती असते, आणि प्रत्येक खेपेला झडपा अधिक खराब होतात. म्हणून डॉक्टर दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून देतात. आपल्याकडे बहुधा एकवीस दिवसांनी.

आमच्या शाळेत पालकभेटीला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "बाई, पोरगी आता ठणठणीत आहे. सुई दुखते म्हणून रडते. बंद केली तर काय बिघडेल?" असं वाटणं साहजिकच आहे. पण मुलगी ठणठणीत आहे ती त्या सुईमुळेच!

साधं पेनिसिलिन अंगात काही तासच टिकतं. म्हणून गंभीर आजारात दवाखान्यात ठेवून ते दर चार-सहा तासांनी शिरेतून देतात. बेंझाथिन मात्र दुधासारखं दाट असतं. ते स्नायूत खोल टोचतात, आणि तिथून थोडं थोडं रक्तात झिरपत राहतं. शिरेत ते कधीच द्यायचं नसतं. तीन आठवडे उलटले की साठा संपत येतो. म्हणून "परीक्षा झाल्यावर बघू" हे इथे चालत नाही.

अर्धवट औषधाने काय होतं, त्याची एक जुनी गोष्ट ऐका. १९४१ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं. तो चांगला सुधारू लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत. शेवटी साठा संपला, आजार उलटला आणि तो गेला. पुढे १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशातच पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या पोलिसाचं औषध संपलं होतं; आपण हातात असलेलं का सोडावं?

आता काळजीच्या चार गोष्टी. पेनिसिलिनची ॲलर्जी थोड्यांनाच असते, पण झाली तर जिवावर बेतू शकते. पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल तर आधीच सांगा. सुई दवाखान्यातच घ्या, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. मुलीला उपाशीपोटी नेऊ नका. साध्या सर्दी-पडशाला मात्र पेनिसिलिनचा उपयोग नाही. मागून घेऊ नका.

तारीख चुकू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आपण दुधाचे खाडे मांडतो, तिथेच लाल खूण करा. मे महिन्यात माहेरी जाताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. किती वर्षं घ्यायची ते हृदयाच्या तपासणीवर ठरतं: झडपांना धक्का नसेल तर निदान पाच वर्षं, असेल तर दहा किंवा त्याहूनही अधिक. थांबवायचं कधी, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि एक नाजूक गोष्ट. "सासरी कळलं तर?" म्हणून लग्न ठरताच मुलीची सुई गुपचूप बंद करणारी घरं आहेत. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि अरुंद झालेल्या झडपेवर सगळा भार येतो. लपवलेलं दुखणं नेमकं तेव्हा वर येतं. गरोदरपणातही पेनिसिलिन चालतं. तेव्हा जावयाला, विहीणबाईंना मोकळेपणाने सांगा, आणि रुखवतात भांड्यांबरोबर मुलीची दवाखान्याची फाईलही आठवणीने द्या.