पाऊल सरळ झालं, तिशीत बघणार कोण?

खुटबाव-केडगाव पट्ट्यात सध्या एक मत फार तोऱ्यात फिरतंय. बाळ वाकड्या पावलाचं जन्मलं, की दर आठवड्याला प्लास्टर बदलायला पळवणं म्हणजे गरिबाचा छळ. त्यापेक्षा चांगला सर्जन गाठा, पाय उघडा, सरळ करा, मोकळे व्हा. मत मांडणारे गृहस्थ शिकलेले आहेत, त्यामुळे बाळाचे आजी-आजोबा माना डोलावतात.

सरळ काय करणार? तान्ह्या बाळाच्या पावलातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात; त्यातलं नौकाकृती हाड तर एक्स-रेवर दिसायलाच साधारण तिसरं वर्ष उजाडतं. सुरी चालते ती सांध्यांच्या आवरणांवर, अस्थिबंधांवर, कंडरांवर. तिथे व्रण धरतो आणि व्रण आखडतो. दुसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत पाऊल झकास दिसतं, आणि आमचे गृहस्थ तोच फोटो मोबाईलवर दाखवत हिंडतात. जणू पोराला पुढे उसाला पाणी धरायचंच नाही! सेंट लुईसच्या डॉ. डॉब्ज आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशा मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ४५ जणांची ७३ पावलं सरासरी तीस वर्षांनी तपासून छापली. सांधे ताठर, बऱ्याच पावलांत झीज. आणि चिरफाड जितकी मोठी, तितकं पाऊल निकामी. उलट दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल वळवण्याची ही पद्धत ज्यांची, त्या डॉ. पोन्सेटींच्या प्लास्टरवर आयोवात वाढलेले ४५ जण सरासरी चौतिसाव्या वर्षी तपासले गेले. त्यांच्यात ७८ टक्क्यांचा निकाल चांगला किंवा उत्तम होता. जन्मतः निर्दोष पावलांच्या लोकांत हाच आकडा ८५ होता. हे छापून आलं १९९५ साली. त्याला फोटो लागत नाही.

ऑपरेशन झालेले लोक खूश असतात म्हणे. असतात की! तरुणपणी पावलाचे तीन सांधे कायमचे जोडलेल्या रुग्णांची सरासरी ४४ वर्षांनंतरची पाहणी १९९९ साली आली. बहुतेक सगळे समाधानी होते, आणि घोट्याची झीज एकूण एक सगळ्यांना.

दर आठवड्याची खेप परवडत नाही, हा मुद्दा मात्र खरा. पण ऑपरेशननंतरही प्लास्टर असतंच, हे कोणी सांगितलं नाही वाटतं.

ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून पाय वाकडा, या थापेशी आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. तेव्हा दोषी आई होती, आता प्लास्टर आहे.

मोठ्या वयात, किंवा प्लास्टरला न जुमानणाऱ्या पावलाला शस्त्रक्रिया लागते; ते कोण नाकारतंय? बाकी बाळांना पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करावी. पाच-सात प्लास्टरं, बहुतेकांना टाचेमागच्या कंडरेला छोटासा छेद, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. मग पट्टीला जोडलेले बूट: तीन महिने जवळपास दिवसभर, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पद्धत फसते ती इथेच. पोर रडतं, आई बूट काढते, पाय पुन्हा वळतो. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहेच. वाढत्या पावलाच्या मापाचे बूट गावाजवळ मिळाले, अंगणवाडीताईंनी रात्री ते घातले जातात का एवढं विचारलं, तरी पुष्कळ. आणि आमचे गृहस्थ दर आठवड्याला स्वतःच्या गाडीने पुण्याला जातातच. मागची सीट रिकामी असते.