छोट्या गॅरेजमधील कामगाराला फुप्फुसे नसतात काय?

कल्याणहून बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने उल्हासनगर, अंबरनाथ ओलांडताना रिक्षा, टेम्पो आणि मोटारी दुरुस्त करणारी लहान गॅरेजे जागोजागी दिसतात. या कारखानदारी पट्ट्यात कामगारांच्या आरोग्याची चर्चा नवी नाही. तथापि ती बहुधा औद्योगिक वसाहतीच्या फाटकापाशी थांबते. फाटकाबाहेर, दोन-तीन माणसांच्या बळावर चालणाऱ्या गॅरेजमध्ये कामगाराच्या छातीत दिवसभर काय जाते, याची दखल ना सरकार घेते, ना कामगार संघटना.

ब्रेक साफ करण्याचे काम घ्या. चाक उतरवायचे, ड्रम काढायचा, कॉम्प्रेसरची हवा मारून काळी भुकटी उडवायची आणि राहिलेला चिकटा पेट्रोलने किंवा थिनरने धुवायचा, ही सर्रास रीत. ही भुकटी म्हणजे झिजलेले लायनर. त्यात ॲस्बेस्टॉस असेल, तर डोळ्यांना न दिसणारे त्याचे तंतू फुप्फुसात रुततात आणि रोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो. तोवर कामगाराने गॅरेज सोडलेले असते आणि मालकाला त्याचे नावही आठवत नसते. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. तीत मोटारींच्या ब्रेकचाही समावेश आहे. आपल्याकडे त्याची आयात चालू आहे. स्वस्त लायनरच्या खोक्यात ते नाही, याची हमी गॅरेजमधल्या पोराला कोण देणार?

पेट्रोलची कथा याहून बरी नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. एक ठिणगी पुरते. त्यातील बेंझिन रक्ताच्या कर्करोगास कारण होते. शिवाय पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरला लागले, की रबर फुगते आणि ब्रेक दगा देतात. म्हणजे कामगाराचा जीव स्वस्त मानणारी ही पद्धत अखेर प्रवाशाच्याही जिवावर उठते.

यावर डबाबंद ब्रेक क्लीनर वापरा, असा सल्ला बाजार देतो. तोही पारखून घेतला पाहिजे. काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावके असतात. त्यांनी भिजलेला भाग वेल्डिंगच्या ज्वाळेखाली आला, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डिसेंबर १९८१ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात याच वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. क्लोरीन नसलेल्या काही फवाऱ्यांत हेक्झेन असते. १९९९-२००० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मोटार मेकॅनिकांच्या हातापायांना बधिरता येऊन नसा निकामी होऊ लागल्या, तेव्हा त्याचे मूळ ब्रेक क्लीनरमधील हेक्झेनमध्ये सापडले. एक विष काढून दुसरे देणे याला सुधारणा म्हणत नाहीत.

वस्तुतः सुरक्षित रीत अवघड नाही. भुकटीवर हवा मारू नये. साबणाच्या पाण्याने ती आधी भिजवावी आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्रेक ऑइल जिथे खेळते ते भाग ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवावेत. द्रावक लागलेच, तर ते थोडे, उघड्या हवेत, हातमोजे घालून वापरावे. जवळ वेल्डिंग किंवा विडी-सिगारेट नसावी. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात आणि उरलेले द्रावक गटारात ओतू नये. ते गटार वालधुनीला मिळते. २०१४ मध्ये उल्हासनगरात त्याच वालधुनीत रसायन ओतले गेले आणि शेकडो नागरिक अत्यवस्थ झाले, हे आपण विसरलेलो नाही.

मग ही रीत रुजत का नाही? ‘कामगारच निष्काळजी आहेत’, हे साहेबी उत्तर साफ खोटे आहे. ज्याला डब्यावरची बारीक इंग्रजी सूचना वाचता येत नाही आणि ज्याची मजुरी गाड्यांच्या संख्येवर ठरते, त्याला निष्काळजी म्हणणे हा अपराध आहे. कायदाही त्याच्या दाराशी येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तर कारखाना मानला. २०२० च्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. संरक्षणाची गरज वाढत असताना कुंपण आत ओढले गेले! १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो हक्क माणसे मोजून द्यायचा असतो काय?

गॅरेजवाल्याला शत्रू ठरवूनही भागणार नाही. पुष्कळदा तोही त्याच गाडीखाली आडवा पडलेला असतो. नफा वर जातो आणि विष खाली झिरपते, हे ध्यानी घेतले पाहिजे. म्हणून खर्चही वरच्यांनीच सोसला पाहिजे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून, एका मालकाशी बांधलेल्या नसलेल्या हमालासाठी मंडळ उभे केले आणि त्याच्या हक्काचा पैसा मालकांकडून लेव्हीच्या रूपाने वसूल केला. लायनर आणि ब्रेक क्लीनर बनवणाऱ्या कंपन्यांवर अशीच लेव्ही बसवून गॅरेज कामगारांचे मंडळ का उभे राहू नये? त्यातून दरवर्षी छातीची तपासणी व्हावी, आजारी कामगाराला भरपाई मिळावी. प्रत्येक डब्यावर आणि खोक्यावर आत काय आहे, ते मराठीत ठळक छापण्याची सक्ती व्हावी. ॲस्बेस्टॉसचे लायनर बाजारातून हद्दपार व्हावे.

या मागण्या मंत्रालयात आपोआप पोहोचणार नाहीत. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डातील गॅरेजांची यादी करावी, कामगारांना भेटावे, ओल्या फडक्याची रीत दाखवावी आणि त्याच भेटीत संघटनेची पावती फाडावी. एकेकट्या कामगाराला फडके पुरेल; कंपन्यांना हिशेब द्यायला लावण्यासाठी मात्र संघटनाच लागेल.