आवर्तनाचा पत्ता नसलेला नकाशा

देशभरातील अमोनियाचे उत्सर्जन आणि त्यातून शेतारानांवर उतरणारे नत्र यांचे गणित मांडताना अर्धा अंश अक्षांश आणि अर्धा अंश रेखांश अशा चौकटी पुष्कळदा घेतल्या जातात. उत्तर 19 ते 19.5 आणि पूर्व 73.5 ते 74 या अंशांमधील अशा एकाच चौकटीत भीमाशंकरचे सदाहरित रान, डिंभे धरण, नाणेघाट, जुन्नर शहर, नारायणगावचे टोमॅटोचे मळे आणि घाटाखालचा मुरबाडचा काही भाग हे सारे कोंबले जाते आणि जवळजवळ 55 किलोमीटर लांबीच्या या मुलखाला संगणक एकच सरासरी आकडा बहाल करतो. अमोनिया मात्र सरासरीला जुमानणारा वायू नाही. कोंबड्यांच्या शेडमधून किंवा उकिरड्यातून निघालेला त्याचा बराच अंश जवळपासच्या पानांना आणि मातीला चिकटतो, यास कोरडे निक्षेपण म्हणतात. उरलेला हवेतील आम्लांशी संयोग पावून अमोनियम क्षारांचे सूक्ष्म कण बनतो आणि ते दूर जाऊन मुख्यतः पावसाबरोबर खाली येतात, ते ओले निक्षेपण.

चौकट लहान केली की प्रश्न मिटतो, असे सांगणाऱ्यांची या क्षेत्रात वाण नाही. परंतु मूळ आकडेवारी जिल्हावारच असताना तोच आकडा बारीक कापून वाटला तर नकाशा अधिक रेखीव दिसतो, अधिक खरा होत नाही. खरे दुखणे आत भरल्या जाणाऱ्या माहितीचे आहे. युरियाच्या अनुदानासाठी 2018 पासून दुकानातील पॉस यंत्रावर प्रत्येक गोणीची नोंद होते, म्हणून गोणी कधी आणि कुठे विकली गेली हे सरकारला ठाऊक असते. ती शेतात कधी पडली, हे त्या यंत्राला कळण्याचा मार्गच नाही. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, आणि हंगामात ती मिळेलच याची खात्री नसल्याने शेतकरी मिळेल तेव्हा घेऊन ठेवतो आणि येथील कुकडी पाटबंधारे प्रकल्पाच्या आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहतो. युरिया फोकून लगेच पाणी दिले तर तो मातीत उतरतो. ओल्या, चुनखडीयुक्त काळ्या जमिनीच्या पृष्ठभागावर तसाच पडून राहिला तर युरिएज या विकराच्या क्रियेने त्याचे विघटन होऊन नत्र अमोनियाच्या रूपाने उडते. ठिबकमधून दिलेल्या युरियाची कथा आणखी निराळी. या सर्व प्रकारांना हे गणित मांडणारे संगणकीय प्रतिमान एकच गुणक, म्हणजे दिलेल्या नत्राचा किती वाटा उडतो याचे ठरीव प्रमाण, लावते. यावर सरकारी कार्यालयांतून मिळणारे ठरलेले उत्तर असे की, 2015 पासून सगळा युरिया नीमलेपित आहे; वास्तविक नीमलेप अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो, युरियाचे विघटन थांबवत नाही, आणि अमोनियम जमिनीत अधिक काळ टिकल्याने अमोनियाची गळती उलट वाढूही शकते.

गोठ्यांबाबतही तेच. युरोपातील बंदिस्त गोठ्यातील पातळ शेणासाठी काढलेले गुणक मुक्त संचार गोठ्याला, उघड्या उकिरड्याला आणि शेतात बसवलेल्या मेंढ्यांना लावले जातात, आणि ते तपासून पाहण्याची तसदी या मासिकाच्या वाचकवर्गातील अनेक अभ्यासकांनीही घेतलेली नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

भारतातील हवेच्या मानकांची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. 18 नोव्हेंबर 2009 च्या अधिसूचनेनुसार अमोनियाची वार्षिक मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, तर दगडफूल आणि हरितांसाठी युरोपात मान्य झालेली क्रांतिक पातळी, म्हणजे जिच्यापुढे अपाय सुरू होतो ती वार्षिक सरासरी, केवळ 1 मायक्रोग्रॅम आहे. शंभरपट फरकाच्या या मापाने मोजले तर भीमाशंकरच्या झाडांवरचे दगडफूल नाहीसे झाले तरी हवा कागदोपत्री निर्मळच राहील.

याउलट नेदरलँड्समध्ये निक्षेपणाचे गणित 1 हेक्टरच्या षट्कोनांत मांडले जाते. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 29 मे 2019 रोजी नत्रविषयक परवान्यांची योजना रद्द ठरवली, बांधकामे आणि गोठ्यांचे विस्तार अडले आणि ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये उतरले. तेथे निदान नैसर्गिक क्षेत्रांत 2005 पासून अमोनिया शोषून घेणाऱ्या साध्या नळ्यांनी हवेतील अमोनियाचे दरमहा मापन होत होते. येथे असा परवान्यांचा प्रसंग आला तर जुन्नरच्या कुक्कुटपालकाचा निवाडा जिल्ह्याच्या सरासरीवर होईल.

म्हणून वाचकांना आवाहन आहे की, मंचर, घोडेगाव, डिंभे आणि भीमाशंकर अशी एक रेषा धरून, वनखात्याची परवानगी आजच मागून, या नळ्या टांगाव्यात. त्यांना वीज लागत नाही, नवे अनुदान येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. सोबत वही हवी: युरिया फोकल्याची तारीख, त्यानंतर पाणी दिल्याची तारीख, शेडमधील तुसाचे कोंबडखत काढल्याचा दिवस, वाऱ्याची दिशा. पावसाळी वारे शेडची हवा घाटापासून दूर पूर्वेकडे नेतात, तर हिवाळ्यात, नेमक्या कांदालागवडीच्या दिवसांत, ते पूर्वेकडून रानाकडे वाहतात. म्हणून पहिली नळी उशिरात उशिरा ऑक्टोबरअखेर टांगलेली असावी.