पापण्यांचे रंग : आहे त्यातूनच नवे

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की आयशॅडोची मोठी पेटी घ्यायचा मोह होतोच. पेटीत मोरपंखी कसा झळकत असतो, पण पापणीवर लावला की अगदी राखेसारखा! रंग कमी आणि भरीची पावडर जास्त असली की असेच व्हायचे. म्हणून लगेच दुसरी पेटी आणू नका. घरखर्चातून वाचवलेले पैसे असतात ते! आधी कपाटातल्या जुन्या डब्या काढा.

हवा असलेला रंग निरखून पाहा. गडद की फिका? चमकदार की साधा? मग जवळचे दोन रंग मनगटावर एकावर एक लावून खिडकीच्या उजेडात बघा.

मोरपंखी : निळ्यावर हिरवा, कडेला किंचित काळा.
तांबूस : तपकिरीवर सोनेरी.
वांगी : जांभळ्यात थोडा तपकिरी.

चमकदार रंग किंचित ओल्या ब्रशने लावला तर चांगला उठतो. खाली काजळाचा पुसट हात दिलात तर आणखी खुलतो. पेटीतले फिके रंगही वाया जात नाहीत. गडद रंगाची कडा पुसट करायला ते छान उपयोगी पडतात.

मात्र रंग कमी पडला म्हणून कुंकू, शेंदूर किंवा होळीचा रंग पापणीला लावू नका. शेंदुरात शिसे असू शकते. मुदत संपलेली डबीही टाकूनच द्या. डोळ्यांपुढे काटकसर नको!

आणि पुढच्या वेळी दुकानातला नमुना मनगटावर लावून, बाहेर उजेडात पाहून मगच पैसे मोजा.