उरलेलं अंडं कोणाचं?

श्रावण लागला की आमच्या घरात दरवर्षी एक गंमत होते. माणसांना श्रावण कळतो, कोंबड्यांना कळत नाही!

आषाढाच्या शेवटी गटारीला सगळे पोटभर खाऊन घेतात. दुसऱ्या दिवशी मच्छीची भांडी घासूनपुसून माळ्यावर जातात. पण मागच्या अंगणातल्या आमच्या चौदा कोंबड्या नेमानं रोज आठ-नऊ अंडी देतच राहतात. एरवी ही अंडी दुपारपर्यंत टिकत नाहीत. कल्याण-शीळ रस्त्याला जे उंच उंच टॉवर उभे राहिलेत, तिथल्या बायका "मावशी, गावठीच आहेत ना?" असं दहादा विचारून घेऊन जातात. श्रावणात मात्र त्यांचे फोन बंद. चौथ्या दिवशी टोपलीत तीसेक अंडी जमलेली असतात आणि घरात एकच प्रश्न असतो, आता यांचं करायचं काय?

आमचं गाव डोंबिवलीजवळच्या त्या सत्तावीस गावांपैकी एक. १९८३ साली महापालिकेत गेलं, २००२ साली बाहेर आलं, २०१५ साली पुन्हा आत गेलं. या आत-बाहेर करण्यात भाताची खाचरं गेली, चारी बाजूंनी इमारती आल्या. राहिलं ते घरामागचं चार हात अंगण आणि त्यातलं खुराडं. ते खुराडं माझ्या सासूबाईंचं. आम्ही त्यांना आईच म्हणतो. लग्न होऊन मी आले तेव्हापासून बघतेय, सकाळी उठल्यावर त्यांचा पहिला हात देवाला आणि दुसरा खुराड्याच्या कडीला.

अंड्यांची वाटणीही त्यांचीच ठरलेली. चांगली, मोठी अंडी विकायला. मग पाहुण्यांसाठी. मग कामावर जाणाऱ्या पुरुषांच्या डब्याला. मग शाळेत जाणाऱ्या मुलग्याला. आणि जे अंडं कोंबडीच्या पायाखाली येऊन चिरलं असेल, ते आम्हा बायकांचं. तेही घरात कोणी मागितलं नाही तर. याच्यात कोणी कोणावर जुलूम करत होतं असं नाही हं! आई स्वतःही तेच चिरलेलं अंडं खायच्या. त्यांच्या सासूनं त्यांना तसंच शिकवलं होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मला जिना चढताना धाप लागायला लागली. भाजीची पिशवी उचलली की डोळ्यापुढे अंधारी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "अंडी खाता का?"

मी जरा ऐटीतच म्हटलं, "अहो, आमच्या घरात रोज डझनभर अंडी निघतात!"

त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "निघतात ते कळलं. तुम्ही खाता का?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. शेवटचं अख्खं अंडं मी कधी खाल्लं होतं, ते आठवेनाच.

ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर इथे लिहिली नसती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे मधल्या काळात घराघरांत फ्रीज आले, मोबाइल आले, आणि बाईच्या अंगातलं रक्त मात्र कमी झालं. आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, नुसत्या अंड्यानं हिमोग्लोबिन वाढत नाही. अंड्यातलं लोह अंगाला फार लागत नाही. त्यासाठी गोळ्या, पालेभाजी, कडधान्यं, वर लिंबू हे सगळं हवंच. पण एका अंड्यात सहाएक ग्रॅम चांगलं प्रथिन असतं, ब-१२ असतं, अ आणि ड जीवनसत्त्व असतं. दिवसभर भात आणि पातळ आमटीवर काम करणाऱ्या बाईला ते दुसरीकडून सहज मिळत नाही. पोषणतज्ज्ञ माणशी वर्षाला १८० अंडी सांगतात, म्हणजे दिवसाआड एक. २०२३-२४ मध्ये आपल्या देशात माणशी १०३ अंडी निघाली. आणि ती सरासरी! त्या सरासरीत कुणाच्या ताटात किती गेली, ते कोण मोजणार?

मी तेव्हापासून माझ्यापुरतं अंडं खायला लागले. थोडं लपूनछपूनच म्हणा ना. खरी वेळ आली ती दोन वर्षांपूर्वी, सुनेच्या वेळी. तिला सातवा महिना, हिमोग्लोबिन नऊ, आणि नेमका श्रावण. टोपलीत चाळीस अंडी पडलेली. मी म्हटलं, "आई, हिला रोज एक उकडून देऊ या."

आई काहीच बोलल्या नाहीत. मग संध्याकाळी मला मागच्या दारी बोलावून म्हणाल्या, "श्रावणात घरात अंडं शिजलेलं मी कधी बघितलं नाही. आणि दुसरं सांगू? महिनाभर विक्री नाही. संपल्यावर ही अंडी गेली असती, त्याचे पैसे आले असते."

मला आधी रागच आला. पण मग त्या बोलत गेल्या. मोठ्या नणंदेची शाळेची पुस्तकं अंड्यांच्या पैशांतून आली होती. मामंजी आजारी असताना दवाखान्याचं रिक्षाभाडं त्यातूनच निघालं. स्वतःचा पहिला चष्मा त्यांनी त्याच पैशांनी केला. शेताचे पैसे मामंजींच्या हातात, पुढे जमीन गेली त्याचे पैसे मुलांच्या खात्यात. आयुष्यभरात कोणापुढे हात न पसरता खर्च करता आले ते पैसे एवढेच, तांदळाच्या डब्यात पुरचुंडी बांधून ठेवलेले. मी सुनेच्या ताटात अंडं मागत होते, आणि त्यांना वाटत होतं की त्यांच्या पुरचुंडीला हात लागतोय.

आपण लेखांत, भाषणांत पटकन म्हणतो, बाईनं आधी स्वतः खावं. पण ज्या बाईकडे दुसरी कमाईच नाही, तिच्या दृष्टीनं खाल्लेलं अंडं म्हणजे खर्च झालेला पैसा असतो. म्हणून "परसातल्या कोंबड्या पाळा, पोषण सुधारेल" एवढं म्हणून भागत नाही. कोंबड्या घरात असल्या म्हणून अंडं तिच्या तोंडात जातंच असं नाही.

त्या रात्री आम्ही दोघींनी हिशेब मांडला. दिवसाला नऊ अंडी. सुनेला एक, नातवाला एक. उरली सात. तेवढे पैसे कमी झाले तर ते घरखर्चातून भरून द्यायचे, हे मी मुलाकडून कबूल करून घेतलं. आईंच्या पुरचुंडीला धक्का नाही. राहिला श्रावण. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली आणि जुन्या पातेल्यात अंडं उकळतंय! आई म्हणाल्या, "माझा श्रावण मी पाळीन. पोटातल्या लेकराला कसला आलाय श्रावण?" स्वयंपाकघराचा सोवळेपणा राहिला आणि सुनेच्या हातात अंडंही आलं. महिनाभर ती चूल त्यांनीच पेटवली.

व्रत मोडा असं मी कुणाला सांगत नाही. ज्याचं त्यानं पाळावं. पण आपल्याकडे गरोदर बाई, बाळंतीण, लहान मूल आणि आजारी माणूस यांना उपासातून मोकळीक पूर्वापार आहे. मग अंड्याच्या बाबतीतच आपण एवढे कडक का होतो?

आता उरलेल्या अंड्यांचं काय करायचं, तेही सांगते, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अंडी धुऊन ठेवू नका. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, त्यानं अंडं टिकतं. घाण असेल ती कोरड्या फडक्यानं पुसा, आणि जास्त माखलेली अंडी आधी, नीट शिजवून संपवा. निमुळतं टोक खाली करून ठेवा. श्रावणात आमच्याकडे फ्रीजमध्ये अंडी चालत नाहीत, म्हणून आई ती भाताच्या कोंड्यात, गार कोपऱ्यात ठेवतात. तशी आठ-दहा दिवस बिनधोक राहतात. फ्रीज चालत असेल तर महिनाभरही काळजी नको. शंका आली तर पाण्यात सोडा. ताजं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं की टाकून द्या. फारच साचली तर फोडून, चिमूटभर मीठ घालून फेटा आणि डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. श्रावण संपल्यावर त्याचं ऑम्लेट, भुर्जी छान होते. आणि उकडून सोलायला थोडं जुनं अंडंच बरं, ताज्याचं साल चिकटून बसतं. रिकामी कवचं भाजून, चुरून कोंबड्यांनाच घाला. पुढच्या अंड्याचं कवच घट्ट होतं.

खुडूक कोंबडी असेल आणि घरात कोंबडा असेल तर दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं. पण भर पावसात ओलीनं पिल्लं दगावतात, म्हणून आम्ही तेव्हा एकच डालगं भरतो. कोंबडा नसेल तर मात्र ती अंडी उबवून काही उपयोग नाही. त्यात जीव धरतच नाही. हे ऐकून आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक वहिनी मुलासाठी अंडी न्यायला लागल्या!

एक काळजी मात्र घ्यायचीच. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता. हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. आमचं गाव तिथून लांब, तरी गिऱ्हाईक फिरकेना. कोंबड्या एकाएकी पटापट मरायला लागल्या तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. खुराडं साफ केल्यावर हात साबणानं धुवा. अंडं पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवा, म्हणजे भीती नाही.

आणि एवढं करूनही उरली तर? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे देणं थांबवलं आणि शाळांना लोकसहभागातून बघा असं सांगितलं. हे मला मुळीच पटलेलं नाही. मुलाच्या ताटातलं अंडं ही सरकारची जबाबदारी, ती कोणाच्या दानावर सोडू नये. शहापूरसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना अंडं किंवा केळी देण्याचं काम २०१६ पासून झालं, म्हणजे मनात असलं की होतं. पण भांडण चालू असताना मूल वाढायचं थांबत नाही. म्हणून गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून आठवड्यातून एक दिवस पंचवीस अंडी उकडली, आणि ज्या आयांनी हो म्हटलं त्यांच्या मुलांना वाटली. विकली गेली नसती ती अंडी. त्यात नुकसान काय झालं?

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कोंबड्या असोत नाहीतर दुकानातून आणलेला ट्रे असो, एक करून बघा. अंडी मोजताना आधी घरातल्या बायकामुलींची नावं घ्या, स्वतःचं धरून. मग राहतील ती उरलेली. आपल्याकडे उलटं मोजतात, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते बाईचं. आणि घरातली म्हातारी कुरकुरली तर तिच्यावर चिडू नका. तिच्या पुरचुंडीचं काय, ते आधी विचारा.

आमची नात आता दीड वर्षाची आहे. सकाळी पणजीबरोबर खुराड्याशी जाते. आई तिच्या इवल्या ओंजळीत अंडं ठेवतात आणि म्हणतात, "हे पहिलं तुझं." मग दुसरं उचलून माझ्या सुनेकडे देतात, तिसरं माझ्याकडे. मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "आणि तुमचं हो?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "ते चिरलेलं आहे ना, ते ठेव मला."

म्हणजे अजून थोडं काम बाकी आहे!