इकडे सर्व खुशाल

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. आपल्याकडे इतरही कितीतरी गावांत तसा दगड आढळतो. गावातून किती गेले, किती परतले नाहीत, हे त्यावर कोरलेलं असतं. मागे किती जणी वाट पाहत राहिल्या, तो आकडा कुठल्या दगडावर माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे मला खटकतं, त्याला कारण आहे. १९७१ साली मी सहावीत होतो. शेजारच्या वहिनींचे यजमान पलटणीत. दिवाळीच्या तोंडावर तार आली नि रजा अर्धी टाकून ते गेले. लग्नाला दीड वर्ष झालेलं. त्यात दोघं एका छपराखाली राहिले असतील ते जेमतेम दोन महिने. वहिनींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. निळं आंतरदेशीय पत्र आणि पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’. या पत्त्यात गाव नसतं. पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून ती सोय. पण मग ते बायकोलाही कळत नसे.

ओसरीवर मी, समोर सुपारी कातरत सासरे, बाजूला सासूबाई आणि वहिनी दाराआड. मजकूर सासरे सांगायचे. गाईला खोंड झालं, मनीऑर्डर पोचली, ज्वारी बरी आहे. शेवटी विचारायचे, ‘‘पोरी, तुला काय लिवायचं हाय का?’’ आतून उत्तर ठरलेलं, ‘‘जपून ऱ्हावा म्हणावं.’’

एकदाच, सासरे उठून गेल्यावर, त्या हळूच म्हणाल्या, ‘‘रातीचा डोळा लागत न्हाई, असं लिव.’’

मी लिहिलं नाही. जवानाला काळजी वाटेल असं काही लिहू नये, असं आम्हा मुलांना सांगितलेलं होतं. मी आपलं ‘इकडे सर्व खुशाल’ लिहून पाकीट चिकटवलं.

युद्ध १३ दिवस चाललं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, शाळेत पेढे वाटले. पुस्तकातलं युद्ध तिथे संपतं. पण पश्चिम सीमेवरच्या फौजा पुऱ्या माघारी यायला १९७२ चा डिसेंबर उजाडला. वहिनींचे यजमान मधे रजेवर आले ते त्या वर्षीच्या पाऊस नसलेल्या पावसाळ्यात. मला बोलावून म्हणाले, ‘‘अक्षर झकास हाय रं तुझं. पर तुझ्या वहिनीचं एक बी पत्र मला आलं न्हाई बघ.’’

आपण या बायकांना धीराच्या मूर्ती करून मोकळे होतो. नारळ, साडी, टाळ्या. मूर्तीला झोप लागते की नाही, हे कोण विचारणार? जवानाचं मन खचू नये म्हणून घरचं दुःख लपवायचं, हे मला आता पटत नाही. जो मरणाशी गाठ घालायला निघालाय, त्याला बायकोचं एक खरं वाक्य पेलणार नाही, असं आपण कशावरून धरून चालतो?

वहिनी आता सत्तरीच्या पुढे आहेत. यजमानांची पत्रं त्यांच्या ट्रंकेत आहेत. त्यांच्या नावानं गेलेली मात्र कुठल्या चौकीवर राहिली कोण जाणे. परवा गावी गेलो तेव्हा मी त्या न लिहिलेल्या वाक्याची कबुली दिली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘ठावं हुतं मला. त्यांच्या पत्रात त्याचं उत्तर कुठं आलं?’’