मायबोलीचा गायक : ग्रिफ रीस

"पिकतें तेथें विकत नाहीं" ही म्हण आपण आंब्याफणसांविषयीं वापरतों. पण ती सर्वांत अधिक लागू पडते मातृभाषेला. जी भाषा घरीं फुकट मिळते तिची किंमत घरांत कोणी करीत नाहीं. मुलाचें नांव इंग्रजी शाळेंत घातलें, कीं पुष्कळ पालकांना वाटूं लागतें, आतां मराठीचें ओझें जितकें लवकर उतरेल तितकें बरें. एका डोक्यांत दोन भाषा नीट मावावयाच्या नाहींत, तेव्हां जी कमी उपयोगाची तिनें दुसरीला वाट करून द्यावी, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे हें दाखविण्यासाठीं मी व्याकरणकारांची किंवा देशभक्त वक्त्यांची साक्ष काढीत नाहीं. साक्ष काढतों ती एका रॉक गायकाची.

रॉक संगीताचें नांव निघतांच कांहीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, हें मी जाणतों. त्या गोंगाटाची तरफदारी करणें हा या लेखाचा हेतु नव्हे. ज्याला तें संगीत रुचत नसेल त्यानें तें खुशाल ऐकूं नये. पण त्या गायकानें आपल्या भाषेशीं जो व्यवहार केला तो मात्र अवश्य पाहावा.

हे गायक म्हणजे वेल्स देशांतील ग्रिफ रीस. त्यांची गोष्ट समजण्यास त्यांच्या देशाची थोडी माहिती हवी. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. "वेल्स" हें नांव तेथील लोकांनीं स्वतः घेतलेलें नव्हे. सॅक्सन लोकांच्या भाषेंतील "परका" या अर्थाच्या शब्दापासून तें निघालें. स्वतःच्याच भूमींत परके म्हणविले गेलेले हे लोक आपल्या देशाला "कम्री" म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशीं "देशबंधु" हा अर्थ आहे. त्यांची वेल्श भाषा इंग्रजीहून अगदीं निराळ्या, म्हणजे केल्टिक कुळांतली. १५८८ सालीं विल्यम मॉर्गन यांनीं संपूर्ण बायबल त्या भाषेंत उतरविलें, व तिच्या ग्रांथिक रूपास स्थैर्य आलें. तरीहि इंग्रजीच्या शेजारीं तिला दिवस काढावे लागले. १९०१ च्या खानेसुमारींत वेल्समधील सुमारें निम्म्या लोकांना वेल्श येत होती; २०२१ च्या खानेसुमारींत हें प्रमाण शेंकडा १७.८ वर, म्हणजे सुमारें ५ लाख ३८ हजार माणसांवर आलें.

ही ओहोटी कशी लागली? कोळशाच्या खाणी व कारखाने निघाले, बाहेरचे लोक आले, इंग्रजीवांचून नोकरी मिळेना. हीं कारणें तर होतींच. पण एक कारण शाळेंतलें आहे, आणि तें आपण शाळेंतल्या माणसांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथील कित्येक शाळांत वेल्श बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत लांकडाची एक पाटी अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलतांना आढळला, कीं ती त्याच्या गळ्यांत जाई. आणि शेवटीं ज्याच्या गळ्यांत ती राही त्याला शिक्षा होई. म्हणजे प्रत्येक मूल आपल्या सोबत्याच्या तोंडून आईची भाषा कधीं निसटते याची टेहळणी करी! ही पाटी सरकारच्या कायद्यानें आली नव्हती. शाळांनीं ती घातली, व अनेक पालकांची तिला संमति होती. ते पालक मुलांचे वैरी नव्हते. मुलानें पुढें यावें, चार पैसे मिळवावे, हीच त्यांची इच्छा. आपल्याकडचे पालक जें म्हणतात तेंच तेहि म्हणत होते.

अशा देशांत १९७० सालीं रीस यांचा जन्म झाला. उत्तर वेल्समधील बेथेस्दा या गांवीं ते वाढले. बायबलांतील तळ्याचें नांव घेतलेल्या एका प्रार्थनामंदिरावरून या गांवास हें नांव पडलें. गांवाजवळ पाटीच्या दगडाची मोठी खाण आहे, आणि १९०० ते १९०३ या काळांत त्या खाणींतील कामगारांनीं केलेला दीर्घ संप वेल्सच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. रीस यांच्या घरीं वेल्श बोलली जाई. त्यांचे वडील इओअन बोवेन रीस हे ग्विनेथ परगण्याच्या कारभाराचे मुख्य अधिकारी होते, व वेल्शचे अभिमानी लेखकहि होते. मुलगा डावखुरा, उजव्या हाताच्या माणसासाठीं तारा लावलेली गिटार तो तशीच उलटी धरून वाजवूं लागला, व पुढेंहि त्यानें तीच रीत ठेवली. जें हाताशीं आहे तेंच आपल्या पद्धतीनें वाजवावें, हा त्याचा स्वभाव तेव्हांपासूनचा दिसतो.

तारुण्याच्या आरंभीं, १९८६ च्या सुमारास, रीस यांनीं "फा कॉफी पाउब" हा बँड उभारला. त्याचीं गाणीं वेल्शमध्येंच होतीं. तो १९९३ सालीं मोडला, व त्याच वर्षीं कार्डिफ येथें चार सोबत्यांसह त्यांनीं "सूपर फरी ॲनिमल्स" हा नवा बँड काढला. आरंभीं हाहि बँड वेल्शमध्यें गाई. पुढें लंडनच्या "क्रिएशन" कंपनीनें त्यांना करारबद्ध केलें, व १९९६ सालीं "फझी लॉजिक" हा त्यांचा पहिला मोठा गीतसंग्रह निघाला तो इंग्रजींत. तेव्हां वेल्समध्यें टीका झाली, कीं भाषेच्या लेंकरांनींच भाषा सोडली. टीकाकारांची तळमळ खोटी नव्हती. पण निकाल देण्यास त्यांनीं घाई केली.

कारण चारच वर्षांनीं, मे २००० मध्यें, याच बँडनें "मूंग" हा संग्रह काढला. मूंग म्हणजे आयाळ. आरंभापासून अखेरपर्यंत तो वेल्शमध्यें आहे. लंडनच्या कंपनीचा आधार तेव्हां राहिला नव्हता. म्हणून त्यांनीं थोडक्या खर्चांत तो तयार करून स्वतःच्याच छोट्या संस्थेमार्फत विकावयास काढला. ज्या भाषेचें एक अक्षर बहुसंख्य ब्रिटिश लोकांना कळत नाहीं, तिच्यांतील हा संग्रह ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत ११ व्या क्रमांकावर गेला, आणि पार्लमेंटांतहि त्याचें अभिनंदन करणारा ठराव मांडला गेला. एक शतकापूर्वीं जे शब्द उच्चारल्याबद्दल मुलांच्या गळ्यांत पाटी पडे, ते शब्द आतां कौतुकाचा विषय झाले होते.

बँडनें २००९ पर्यंत एकंदर नऊ संग्रह काढले. परंतु रीस यांचा खरा पिंड ओळखावयाचा तर त्यांनीं एकट्यानें केलेलें काम पाहावें. स्वतःच्या नांवानें पहिला संग्रह त्यांनीं २००५ सालीं काढला, तो वेल्शमध्यें. त्याचें नांव "अर आटल गेनहेडलाइथ" म्हणजे "अडखळती पिढी" असें लागतें. त्या शब्दांवर आणखीहि एक श्लेष आहे. २००७ सालच्या "कँडीलायन" मध्यें इंग्रजीच्या जोडीला वेल्श व स्पॅनिश आली. २०११ सालचा "हॉटेल शँपू" तर मुलांना फार आवडेल. पंधरा वर्षें गांवोगांवच्या हॉटेलांत मिळालेल्या शँपूच्या चिमुकल्या बाटल्या त्यांनीं सांठविल्या होत्या, आणि त्या बाटल्यांचेंच एक लहानसें हॉटेल त्यांनीं उभारलें! त्या संग्रहाला वेल्सचें पहिलें संगीत पारितोषिक मिळालें. २०१८ च्या "बॅबल्सबर्ग" मध्यें त्यांच्या आवाजामागें बी. बी. सी. चा वेल्समधील मोठा वाद्यवृंद आहे. २०१९ सालीं "पँग" हा वेल्श संग्रह निघाला. त्याची घडण दक्षिण आफ्रिकेंतील संगीतकार मुझी यांनीं केली, व त्यांत कांहीं ओळी झुलु भाषेंत आहेत. २०२१ सालीं कोरियाच्या सीमेवरील पेक्टू पर्वतावर त्यांनीं इंग्रजी गाणीं रचलीं, २०२४ सालीं आणखी एक इंग्रजी संग्रह दिला, आणि २०२५ सालीं "डिम प्रॉब्स" हा संग्रह घेऊन ते पुन्हां वेल्शकडे आले.

ही यादी मी मुद्दाम दिली. तीवर बोट फिरवून पाहा. हा गृहस्थ वेल्शमधून इंग्रजींत गेला, परत आला, पुन्हां गेला, पुन्हां आला. परत येण्याची सक्ति त्याला कोणी केली नव्हती. इंग्रजींत त्याला श्रोते होते, पैसा होता, मान होता. घरीं जावयाला जसें कारण लागत नाहीं, तसा तो वेल्शकडे येत राहिला. आणि प्रत्येक वेळीं हातीं कांहीं नवें घेऊन आला: कधीं थट्टा, कधीं आफ्रिकेचा ताल. मला यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. भाषा केवळ गौरवाच्या भाषणांनीं जगत नाहीं. तिच्यांत रोज कांहीं नवें काम होत असेल तर ती जगते. देव्हाऱ्यांत बसविलेल्या भाषेला हार मिळतात, पण तिच्याशीं बोलावयास कोणी जात नाहीं.

रीस यांचा एक प्रवास मात्र यादींत न टाकतां निराळा सांगितला पाहिजे. वेल्समधील वाउनव्हाउर गांवचा जॉन एव्हन्स नांवाचा एक तरुण १७९२ सालीं अमेरिकेस गेला. मॅडॉक नांवाचा वेल्श राजपुत्र कोलंबसाच्याहि आधीं तिकडे गेला व त्याचे वेल्श बोलणारे वंशज तेथील आदिवासींत आहेत, अशी एक दंतकथा होती. त्यांना शोधावयास हा निघाला. मिझुरी नदीनें वर जात १७९६ सालीं तो मँडन नांवाच्या जमातींत पोंचला, तेथें हिंवाळा काढला, आणि पुढल्या वर्षीं त्यानें कळविलें, कीं वेल्श बोलणारे असे लोक कोठेंच नाहींत. १७९९ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें, वयाच्या तिशीच्या आंतच तो वारला. त्यानें काढलेला नदीचा नकाशा मात्र पुढें लुइस व क्लार्क या प्रवाशांच्या उपयोगीं पडला. हा एव्हन्स रीस यांचा दूरचा नातलग. २०१२ सालीं रीस त्याच्या वाटेनें गाणीं गात निघाले. बरोबर एव्हन्सची कापडी बाहुली होती. त्यांतून २०१४ सालीं "अमेरिकन इंटीरियर" हा गीतसंग्रह, त्याच नांवाचें पुस्तक व चित्रपट तयार झाला.

या कथेंत एक दारुण गोष्ट दडलेली आहे. वेल्श भाषा शोधावयास एव्हन्स ज्या मँडन लोकांत गेला, त्यांचीच भाषा पुढें मरणपंथास लागली. देवी रोगाची सांथ आली, प्रदेश हातचा गेला, मुलें इंग्रजी शाळांत गेलीं. मँडन ही जन्मभाषा म्हणून अस्खलित बोलणारे अखेरचे गृहस्थ एडविन बेन्सन २०१६ सालीं वारले. जी भाषा तेथें नव्हतीच तिच्यांत आजहि नवीं गाणीं निघत आहेत. जी तेथें होती तिच्यांत जन्मापासून बोलणारें माणूस उरलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "मराठीची गोष्ट निराळी. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक आहेत. आम्हांस कसली भीति?" संख्येचा आधार मोठा आहे खरा, पण १९०१ सालीं वेल्समधल्या निम्म्या लोकांनींहि असेंच म्हटलें असतें. भाषेचा ऱ्हास मोजणीच्या कागदावर फार उशिरां दिसतो. त्याआधीं तो घरांत दिसतो. मूल आजीशीं मराठींत बोलतें, पण तिला दोन ओळींचें पत्र मराठींत लिहूं शकत नाहीं. भाजी मराठींत मागतें, पण विचार करावयाचा झाला कीं इंग्रजीचा आश्रय घेतें. तोंडाची भाषा राहते, पण कामाची भाषा जाते. आणि कामावांचूनची भाषा पुढल्या पिढीला कां हवी असावी?

दुसरा कोणी म्हणेल, "कांहीं झालें तरी रीस यांची कीर्ति इंग्रजीमुळेंच झाली ना?" बऱ्याच अंशीं झाली, हें मी मान्य करतों. इंग्रजी नीट शिकावीच. ती शिकण्यासाठींच तुम्हीं या शाळेंत आलां आहां, आणि तिचा द्वेष रीस यांनींहि कधीं केला नाहीं. पण त्यांचीं इंग्रजी गाणीं चारचौघांहून निराळीं वाटतात तीं कां? माझ्या मतें, त्यांच्यामागें दुसरें एक पुरें घर उभें आहे म्हणून. ज्याच्याजवळ दोन भाषा आहेत त्याला एकच वस्तु दोन खिडक्यांतून दिसते. एक खिडकी बुजविल्यानें दुसरींतून अधिक उजेड येत नाहीं.

म्हणून पालकांस माझें सांगणें एवढेंच. मराठी बोलल्याबद्दल मुलाच्या गळ्यांत लांकडी पाटी आज कोणी अडकवीत नाहीं. परंतु पाहुण्यांसमोर मूल मराठींत बोललें म्हणून आपण ओशाळतों, मराठीचे गुण कमी पडले तर "तेवढें चालेल" म्हणतों, तेव्हां न दिसणारी एक पाटी त्याच्या गळ्यांत पडतेच. ती आपल्या हातांनीं काढावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, मायबोलीचा अभिमान भाषणांत सांगूं नका. तिला काम द्या. प्रयोगशाळेंत जें पाहिलें तें घरीं मराठींत समजावून सांगा. दूरच्या आत्याला मराठींत पत्र लिहा. एकादें गाणें स्वतः रचा. चाल पाश्चात्य असली तरी हरकत नाहीं. हातीं आलेली गिटार उलटी असली तरी बेथेस्दाच्या त्या मुलानें ती बाजूस ठेवली नाहीं. तुमच्या हातीं तर सुलटी आहे.